यादी मावशीची हवी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारण घरातलंच आहे. येत्या मंगळवारी माझ्या मावशीची लो व्हिजनची अपॉइंटमेंट आहे आणि गेले आठ दिवस आमच्याकडे तिचीच तयारी चालली आहे. (मावशीला विचारूनच लिहितेय. "लिही, पण मोठ्या अक्षरात लिही," म्हणाली.)

लो व्हिजन म्हणजे मराठीत अल्पदृष्टी. चष्मा, औषध, ऑपरेशन सगळं करूनही नजर अधू राहते, पण पूर्ण जात नाही. मावशी ७९ वर्षांची. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयामुळे झिजलाय. चष्म्यासकट नजर ६/६०. म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसणारं अक्षर तिला ६ मीटरवर यावं लागतं. पण कडेचं दिसतं. त्यामुळे ती घरभर न अडखळता फिरते, जमिनीवर पडलेलं फडकं उचलते, आणि समोर उभ्या माणसाचा चेहरा मात्र तिला ओळखू येत नाही. यातून जे गैरसमज व्हायचे ते सगळे झालेत. "फडकं बरं दिसतं, आम्ही नाही दिसत!" हे घरातच ऐकलंय तिनं. जिन्यात भेटणाऱ्या बायकांना तर ती शिष्ट वाटायला लागली आहे.

तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी "आता काही करण्यासारखं नाही" असं सांगून फाईल मिटली. पडद्यापुरतं ते खरंही असेल, गेलेला भाग परत येत नाही. पण पडद्यामागे एक बाई आहे, तिला रोज सकाळी उठून दिवस काढायचा आहे. तिच्यासाठी करण्यासारखं पुष्कळ असतं, आणि लो व्हिजनवाले तेच काम करतात. नजर किती गेली यापेक्षा उरलेल्या नजरेत काय काय जमवायचं, हा त्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्याकडे तयार नसेल तर तिथला तास-दीड तास वाया जातो. म्हणून माझं मत असं की या अपॉइंटमेंटची खरी तयारी म्हणजे एक यादी. आणि ती यादी पेशंटची हवी, नातेवाइकांची नाही.

आमच्याकडे पहिली यादी झाली ती अर्थातच नातेवाइकांची. गॅसपाशी जाऊ नकोस म्हणून सांगा. एकटीनं खाली उतरू नकोस म्हणून सांगा. सगळा नन्नाचा पाढा! मग मावशीनं तिची यादी सांगितली, तीन-चार संध्याकाळी थोडी थोडी करून. औषधाच्या पट्ट्या आपल्या आपण ओळखायच्या आहेत (बीपीची आणि थायरॉइडची गोळी, दोन्ही पांढऱ्या). दुधाचा हिशेब लिहायचा आहे. तांदूळ निवडायचे आहेत. जिन्यातली माणसं ओळखायची आहेत. हरिपाठ वाचायचा आहे. "अगं, पाठ आहे की तुला!" कोणीतरी म्हणालंच. "पाठ आहे, पण मला वाचायचाय," मावशी म्हणाली.

ही यादी का महत्त्वाची, तर प्रत्येक कामाचा उपाय वेगळा. सगळं दाखवणारं एकच भिंग नसतं. भिंगाचा नंबर जितका जास्त, तितकं ते कागदाजवळ धरावं लागतं आणि तितकंच थोडं दिसतं. २० नंबरचं भिंग कागदापासून ५ सेंटिमीटरवर येतं. त्यातून गोळीचं नाव वाचता येईल, अख्खा पेपर वाचायचा तर जीव जाईल. हिशेबाला जाड रेघांची वही आणि काळं स्केचपेन पुरतं. तांदळाला भिंगापेक्षा गडद रंगाचं ताट आणि बाजूनं येणारा दिवा बरा. गॅसच्या बटणावर हाताला लागेल अशी खूण करता येते. चेहऱ्यांसाठी तिरकं बघायची सवय शिकवतात, म्हणजे पडद्याचा शाबूत भाग कामाला लावायचा. हरिपाठ मोठ्या टाइपात मिळेल, नाहीतर फोन आता मराठी वाचूनही दाखवतो.

बाकी पिशवी अशी भरली आहे: जुने-नवे सगळे चष्मे, स्टेशनरीच्या दुकानातून आणलेलं भिंग, आधीचे रिपोर्ट, औषधांची यादी. शिवाय तिची खरी वही, तिची खरी गोळ्यांची पट्टी, तिची पोथी. क्लिनिकच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घरी काय अडतं ते कळत नाही. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब त्या दिवशी घालणार नाहीत ना, हेही फोनवर विचारून घेतलं. थेंब घातल्यावर जवळचं नीट दिसत नाही, मग वाचनाची तपासणी कसली? दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात अल्पदृष्टी धरलेली आहे, पण त्याचं प्रमाणपत्र हे वेगळं काम. ते या भेटीत घुसडलं नाही.

यादी करता करता आणखी एक गोष्ट बाहेर आली. मावशीला अधूनमधून भिंतीवर रांगोळीसारखी नक्षी दिसते. एकदा पलंगाशी लहान मुलं उभी दिसली. खरी नाहीत हे तिला कळत होतं, पण वेड लागलं म्हणतील म्हणून वर्षभर गप्प होती. नजर गेलेल्यांना असं दिसू शकतं. चार्ल्स बॉनेट नावाच्या स्विस अभ्यासकानं १७६० मध्येच आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय आणि त्याचंच नाव त्याला मिळालं. याची दुसरी काही कारणं नाहीत ना, हे डॉक्टरांनी बघायला हवं, म्हणून तेही यादीत घातलं. हे कळल्यावर मावशी त्या रात्री शांत झोपली. नुसती यादी केली म्हणून!

आता घरच्या मंडळींसाठी. बरोबर जा, रिक्षा करा, फाईल धरा, डबा न्या. पण डॉक्टरांनी "काय त्रास होतो, आजी?" असं विचारलं की तोंड उघडू नका. तुम्हाला तिची काळजी वाटते ती खरी आहे, पडली तर धावपळ तुम्हालाच करायची आहे. त्यासाठी शेवटची पाच मिनिटं मागून घ्या. मात्र आपल्या भीतीला आपण "तिची गरज" म्हणायला लागलो की म्हातारं माणूस एकेक काम सोडत जातं, आणि आपण म्हणतो, वय झालं. निम्म्या वेळा वय नसतं हो, उजेड कमी असतो!