‘भारीतली जाळी’ म्हणजे नेमकी कोणती?

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेवर प्लास्टिकची जाळी बसवतात. ‘डॉक्टर, भारीतली टाका,’ असे नातेवाईक हमखास सांगतात. भारी म्हणजे काय, हे मात्र किमतीवरून कळत नाही.

जाळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. तिच्यात धाग्याइतकेच महत्त्व छिद्रांना आहे. जंतू साधारण एक मायक्रॉनचा, तर त्याला गिळणारी आपली पेशी दहा मायक्रॉनहून मोठी. छिद्रे फार बारीक असली तर जंतू आत दडून बसतो आणि पेशी बाहेरच अडते. छिद्रे ७५ मायक्रॉनहून मोठी असली तर पेशी सहज पोहोचतात, रक्तवाहिन्या आणि तंतू आरपार वाढतात, जाळी अंगात मुरते.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी जाळी म्हणून चक्क मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि २००३ मध्ये ते अनुभव प्रसिद्ध केले. ऐकून हसू येईल. पण २०१६ मध्ये युगांडातील ३०२ पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्यांना कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीची. वर्षभरानंतर स्वस्त गटात एकाचा हर्निया उलटला, महाग गटात कुणाचाच नाही. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच. वर्ष हा काळ थोडाच, कारण जाळी जन्मभर आत राहते. शिवाय बाजारातले कुठलेही कापड चालेल, असा याचा अर्थ नाही. काही प्लास्टिक निर्जंतुकीकरणाच्या वाफेतच आकसते.

अमेरिकेचे उदाहरण याच्या उलट आहे. हर्नियात चाललेले तेच पॉलिप्रॉपिलीन तिथे अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर योनिमार्गातून बसवले जाऊ लागले. आधीच्या जाळ्यांशी साम्य आहे, एवढ्यावर अनेक उत्पादनांना परवानगी मिळाली. पुढे वेदना, जाळी उघडी पडणे, पुन्हा शस्त्रक्रिया. अखेर एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या वापरासाठीच्या जाळ्यांची विक्री थांबवली. पदार्थ तोच, जागा वेगळी. त्या जागेवरची चाचणी आधी व्हायला हवी होती.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली. चांगलेच झाले. पण परवाना विक्रीपूर्वीचा. दहा वर्षांनी काय झाले, हे रुग्णाचा मागोवा घेतल्याशिवाय कळत नाही. स्वीडनमध्ये हर्नियाची राष्ट्रीय नोंदवही १९९२ पासून आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांत निदान जाळीच्या पाकिटावरचे स्टिकर केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर चिकटवता येईल. त्यावर कंपनी आणि लॉट क्रमांक असतो. घरी जाताना ते मागून घ्या आणि कार्ड जपून ठेवा.