सोन्याच्या गांवचें विद्यापीठ

खुटबाव येथील एका भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. पुतण्यानें पुण्यास अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढील शिक्षणासाठीं ऑस्ट्रेलियांतील बॅलरॅटच्या फेडरेशन विद्यापीठांत त्याला प्रवेश मिळाला आहे. फीसाठीं उसाचें दोन एकर रान गहाण टाकावें कीं काय, यावर घरांत एकवाक्यता नाहीं. मामंजी म्हणतात, "मेलबोर्न सोडून खाणवाल्यांच्या गांवीं मुलगा कशाला धाडावयाचा?" प्रश्न एका घरचा नाहीं, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

गांव खाणवाल्यांचें, हें खरें. मेलबोर्नच्या वायव्येस सुमारें ११० किलोमीटरांवर १८५१ सालीं सोनें सांपडलें आणि मेंढ्यांच्या कुरणांत हजारों तंबू उभे राहिले. १८५४ च्या डिसेंबरांत परवान्याच्या फीविरुद्ध खाणकऱ्यांनीं युरेका येथें बंड केलें. तें पाहतां पाहतां मोडलें गेलें. परंतु पुढील वर्षींच त्यांना मतदानाचा हक्क मिळाला. १८५८ सालीं सुमारें ६९ किलोचा एकच सोन्याचा गोळा निघाला. आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती १८७० ची गोष्ट. वरच्या मातींतलें सोनें सरत आलें होतें. खोल दगडांतून तें काढावयाचें तर यंत्र, रसायन व भूस्तर यांचें ज्ञान हवें. तेव्हां जुन्या न्यायकचेरीच्या इमारतींत खाणशाळा सुरू झाली. शेजारचा तुरुंगही पुढें शाळेच्याच आवारांत आला! पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत मोठ्या खाणी बंद पडल्या. शाळा चालू राहिली. तिच्याच वंशांत १९९४ सालीं बॅलरॅट विद्यापीठ झालें व २०१४ पासून तें फेडरेशन या नांवानें ओळखलें जातें.

याच्या उलट चित्र आपल्या जवळचें पाहावें. पुणें-सुपें ज्यांच्या जहागिरींत होतें, त्या शहाजीराजांचीच कर्नाटकांतील एक जहागीर कोलार. तेथील खाणी १८८० पासून जॉन टेलर कंपनीनें चालविल्या. १९०२ सालीं शिवसमुद्रच्या धबधब्यावरून त्यांना वीज मिळाली; चँपियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली. १९६५ सालीं तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं परदेशी सहकाऱ्यांसह तिच्या पोटांत न्यूट्रिनो कणांचा माग लावला. एवढें ज्ञान तेथें उतरलें, पण रुजलें नाहीं. २८ फेब्रुवारी २००१ रोजीं खाणी बंद झाल्या. मागें उरले सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर, आणि पहाटे बेंगळुरूची आगगाडी गांठणारीं खाणकऱ्यांचीं मुलें. (खुटबावच्या स्थानकावर पुण्याची गाडी धरणारांना हें दृश्य अपरिचित नसावें.) कोलारला बेंगळुरू उत्तर विद्यापीठ आलें तें खाणी मिटल्यावर कांहीं पंधरा-सोळा वर्षांनीं.

तेव्हां गांव लहान व खाणींचें, हा बॅलरॅटचा दोष नव्हे. आमची शंका निराळी आहे. अशा प्रादेशिक विद्यापीठांचा बराच भार अलीकडे परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर आहे. सोन्याची ही नवी शीर म्हणजे आपलींच मुलें! ती आटूं लागतांच २०२४ सालीं या विद्यापीठास कर्मचारी कमी करण्याचें जाहीर करावें लागलें. म्हणून मुलाच्या विषयास कायम अध्यापक किती, प्रयोगशाळा कोठें, हें त्यानें स्वतः पत्र लिहून विचारावें. विद्यापीठाच्या शाखा बर्विक व गिप्सलँड येथेंही आहेत. प्रवेशपत्रांत नेमकी कोणती आहे तें दलालाच्या तोंडून ऐकूं नये, डोळ्यांनीं वाचावें. शिक्षणानंतर नोकरीची परवानगी किती काळ, याचे नियम वारंवार बदलतात. त्यांच्या भरंवशावर कर्जाचा हिशेब मांडूं नये.

रानाविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. शैक्षणिक कर्जासाठीं बहुतेक बँका शेतजमीन तारण धरीत नाहींत. म्हणजे रान गहाण पडेल तें खाजगी सावकाराकडे. तें करूं नये. घरांत शहरांतील एखादी जागा असेल तर तिच्यावर कर्ज मिळतें का, हें पाहावें. शिक्षण चालू असेतों हप्त्यांना बहुधा सवलत असते. तेवढ्यानें न भागल्यास मुलानें वर्षभर पुण्यास नोकरी करून मग जावें. मामंजींनाही तें पटेल असें वाटतें.

आणि जाणें ठरलेंच, तर लोंकरीचे कपडे भरपूर द्यावेत. आपल्याकडे पेरण्या चालतात त्या जून-जुलैंत तेथें कडाक्याची थंडी असते.