ओल्या मातीतला तहानलेला पुदिना

रोज पाणी घालूनही कुंडीतल्या पुदिन्याची पाने कडेने करपतात. पाणी कमी पडले असे समजून आपण आणखी एक तांब्या ओततो. माती मात्र ओलीच असते. मग झाड तहानलेले का? त्यासाठी झाड पाणी कसे पिते ते पाहू.

झाडाला पंप नसतो. मुळापासून पानापर्यंत अतिशय बारीक नळ्या असतात. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते, तसे खालचे पाणी वर ओढले जाते. कारण पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. आयर्लंडच्या डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये हे मांडले. मुळांनी घेतलेले ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असेच हवेत जाते.

पाण्यात विरघळलेले क्षारही मुळांकडे येतात. पण मुळाच्या आत पेशींना पाणी न झिरपणाऱ्या पट्टीचा वेढा असतो. त्यामुळे पाण्याला आणि क्षारांना पेशीच्या पडद्यातूनच पुढे जावे लागते. तिथे हवे-नको ते निवडले जाते.

या निवडीलाही मर्यादा आहे. काकडीला मीठ लावले की तिला पाणी सुटते. मातीत क्षार साठले की मुळांचेही तसेच होते. पाणी समोर असून आत येत नाही. जे क्षार आत शिरतात ते पानांच्या कडांशी साठतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, कडा करपतात.

हे क्षार बहुधा आपणच घालतो. मूठभर जादा रासायनिक खत, बोअरचे जड पाणी, आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी. गाळून काढलेले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच असतात. ते फरशी पुसायला वापरावे, कुंडीत रोज ओतू नये.

उपाय सोपा आहे. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे करावे. पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणी खालून वाहेपर्यंत सावकाश घालावे आणि ताटलीत साचलेले पाणी फेकून द्यावे. नवी पालवी येईपर्यंत खत थांबवावे.

सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी दिल्याने आणि निचरा नसल्याने कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. तिथे चर आणि सच्छिद्र पाइप घालून निचरा करावा लागतो, खर्चही मोठा येतो. आपल्याला एका छिद्रात भागवता येते. पुढचा तांब्या ओतण्याआधी ते तेवढे पाहू या.