चट्टे गेले, पण रक्ताचे काय?

अंगावर लाल चट्टे उठले की आपल्या घरांतून पहिला उपाय ठरलेला असतो : पित्त उठले आहे, आमसुलाचे पाणी लावा. कोकण सोडून इस्राएलात आलो तरी हे ज्ञान आपण विसरलो नाही, आणि पुष्कळदा ते उपयोगीही पडते. परंतु ज्या विकाराविषयी आम्ही आज लिहीत आहोत, तेथे या सवयीने घात होण्याचा संभव आहे.

या दुर्मिळ विकारास स्वीट सिंड्रोम म्हणतात. (साखरेशी किंवा मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. इंग्लंडातील प्लिमथचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट डग्लस स्वीट यांनी १९६४ साली आठ स्त्रियांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून हे नाव.) एकाएकी ताप भरतो, चेहरा, मान व हात यांवर लाल, फुगीर चट्टे येतात. पित्ताच्या गांधी खाजतात आणि बहुधा एका दिवसात विरतात. हे चट्टे दुखतात आणि राहतात. रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्वचेत दाटून येतात. चट्ट्यांत जंतू नसल्यामुळे नेहमीच्या अँटिबायोटिकने ते जात नाहीत. स्टिरॉइडने मात्र थोड्याच दिवसांत उतार पडतो.

आमची तक्रार आहे ती या उतारानंतरच्या वागण्याविषयी. बरे वाटले की आपण दवाखान्याकडे पाठ फिरवितो. पुष्कळांना हा विकार घशाच्या संसर्गानंतर, एखाद्या औषधाने वा गरोदरपणी होतो आणि निघून जातो, हे खरे. पण काही रोग्यांत त्याच्यामागे अस्थिमज्जेचा बिघाड किंवा रक्ताचा कर्करोग, विशेषतः तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, दडलेला असतो. आणि कधीकधी चट्टे त्या रोगाच्या निदानाआधी कित्येक महिने दिसतात. गोळीने चट्टे जातात, मूळ रोग जात नाही. वायिक्रा ग्रंथातील कोहेनसुद्धा डाग एकदाच पाहून मोकळा होत नसे, सातव्या दिवशी पुन्हा पाहात असे. आपण तेवढेही करीत नाही.

दुसरे कारण लाजेचे. मुलीचे लग्न ठरायचे आहे, लोक काय म्हणतील? हा विकार स्पर्शाने पसरत नाही, आणि कोडाशी वा महारोगाशी त्याचे काही नाते नाही. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी वर्णिलेला व्हेक्सास हा विकारही असेच चट्टे आणतो. तो बहुधा पन्नाशीपुढील पुरुषांस होतो. त्याचे मूळ अस्थिमज्जेतील पेशींत जन्मानंतर झालेल्या जनुकबदलात आहे, म्हणून तोही मुलाबाळांकडे जात नाही. मग लपवायचे काय?

१९९५ पासून आरोग्यविम्याचा कायदा येथील प्रत्येक रहिवाशास लागू आहे, तेव्हा खर्चाची सबबही चालणार नाही. कुपत-होलीममध्ये सुनेला किंवा नातवाला दुभाषा म्हणून नेणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की, त्यांच्यादेखत संकोच वाटला तरी ताप, थकवा, अंगावर उगाच उमटणारे काळेनिळे डाग, सारे सांगावे. रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्यावी, आणि चट्टे गेल्यावर ती पुन्हा कधी करायची हे विचारूनच उठावे. मागच्या तपासणीचा कागद बरोबर असू द्यावा. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घटत चालले आहेत की काय, हे त्यावरूनच कळते.