सौदा संपतो कधी?

“बयाणा सोडला, आता मी मोकळा,” असे व्यापारी म्हणतो. “बयाणा परत केला, आता बाग माझी,” असे शेतकरी म्हणतो. पाचोडच्या मोसंबी बाजाराच्या आसपास ही दोन्ही वाक्ये सर्रास ऐकू येतात. भाव पडला की पहिले, भाव चढला की दुसरे. आपल्या समाजात बाग लावणारे शेतकरी आहेत आणि बाग घेणारे बागवान व्यापारीही. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही घरांचा आहे. वर्षाची फी, दवाखाना, मुलीचे लग्न हे सगळे त्या एका सौद्यावर अवलंबून असते.

आपल्याकडे यासाठी भारतीय करार कायदा आहे. तो १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्याची मांडणी इंग्लंडच्या कायद्यावरून केलेली आहे. तोंडी सौदासुद्धा या कायद्यात करारच ठरतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. आता असा करार संपण्याच्या मुख्य चार वाटा पाहू.

पहिली वाट सरळ आहे. ठरल्याप्रमाणे माल दिला, पैसे मिळाले, करार संपला. मात्र हंगामाच्या मध्येच शेतकऱ्याचे निधन झाले, तर करार आपोआप संपत नाही. कलम ३७ प्रमाणे वारसांना तो पाळावा लागतो. चित्रकाराने चित्र काढून देण्याचे कबूल केले असेल, तर गोष्ट वेगळी. ते काम दुसऱ्याच्या हातून होणारे नाही. मोसंबी मात्र मुलगाही तोडून देऊ शकतो.

दुसरी वाट राजीखुशीची. दोघांनी मिळून सौदा मोडावा, किंवा जुन्याच्या जागी नवा करावा. इथे कलम ६३ नीट समजून घ्या. समजा पाच लाख येणे आहे आणि व्यापारी म्हणाला, “तीन घ्या आणि मिटवा.” तुम्ही ‘पूर्ण हिशेब मिळाला’ असे लिहून तीन लाख घेतले, तर उरलेले दोन लाख संपले. इंग्लंडमध्ये नुसती रक्कम कमी घेतल्याने बाकी बुडत नाही, त्यासाठी बदल्यात आणखी काही मिळावे लागते. आपल्याकडे तशी अट नाही. म्हणून पैसे हप्त्याने येत असतील, तर पावतीवर ‘पैकी जमा’ आणि बाकीचा आकडा लिहा.

तिसरी वाट करारभंगाची. एकाने साफ नकार दिला, तर कलम ३९ प्रमाणे दुसरा करार संपवू शकतो आणि कलम ७३ प्रमाणे नुकसानभरपाई मागू शकतो. बयाणा सोडला किंवा परत केला एवढ्याने ही जबाबदारी आपोआप मिटत नाही. पण नुकसान आवरण्याचा प्रयत्न आपणही केला पाहिजे. व्यापारी फिरला म्हणून फळ झाडावर सडू दिले, तर सगळी किंमत मिळणार नाही. दुसरीकडे मिळेल त्या वाजवी भावाने विकावे, पट्टी जपून ठेवावी आणि ठरलेल्या भावातला फरक मागावा. करार मोडल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

चौथी वाट अशक्यतेची, म्हणजे कलम ५६. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याने १८७२ मध्ये आपल्या ठरावीक शेतातले २०० टन बटाटे विकण्याचा करार केला. पिकावर रोग पडला आणि जेमतेम ८० टन हाती आले. खरेदीदार उरलेल्या मालाची भरपाई मागत कोर्टात गेला. १८७६ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितले की, माल अमुक शेतातलाच ठरला होता, पीक शेतकऱ्याच्या कसुराशिवाय गेले, तेव्हा न पिकलेल्या मालासाठी तो बांधील नाही. तेच बटाटे ‘कुठलेही’ असे ठरले असते, तर त्याला बाजारातून विकत घेऊन द्यावे लागले असते.

हे आपल्या बागेला लावून पाहा. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. अशा वेळी कुणाच्याही कसुराशिवाय ठरलेली बागच गेली, तर करार संपतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेली आगाऊ रक्कम परत करावी लागते. उक्त्या सौद्यात मात्र बाग ताब्यात दिल्यावर गारपीट, फळगळ कुणाच्या माथी, हे काय ठरले होते त्यावर जाते.

भाव पडणे मात्र अशक्यतेत बसत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दक्षिण कोरियातून पोलाद मागवणाऱ्या व्यापाऱ्यांनी अडचण पुढे करून पैसे थांबवण्याची मागणी केली होती. लॉकडाऊन थोड्या काळापुरता आहे, त्याच्या आधारे करारातून अंग काढता येणार नाही, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दिलासा नाकारला. तोटा झाला म्हणून करार संपत नाही.

आपल्या फिकहमध्येही हा विषय सविस्तर आला आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. फळ तयार होण्याची चिन्हे दिसण्याआधी ते विकण्यास हदीसमध्ये मनाई आहे. मागाहून आफत आली तर भावाचे पैसे कशाबद्दल घ्यायचे, हा त्यामागचा विचार. समोरचा पस्तावला तर राजीखुशीने सौदा परत घेण्याला ‘इकाला’ म्हणतात आणि ते सवाबाचे काम मानले आहे.

म्हणून बयाणा हातात घेण्याआधी एक साधा कागद करा. त्यात गट नंबर, झाडांची संख्या, बहार मृगाचा की आंब्याचा, भाव वजनावर की उक्ता, तोडणीची शेवटची तारीख आणि आफत आली तर नुकसान कुणाचे, एवढे लिहा. दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. रक्कम शक्यतो बँकेतून द्या-घ्या. सौदा मोडायचा ठरला, तर तोही त्याच कागदावर लिहून मोडा. रक्कम मोठी असेल तर सहीआधी वकिलाला दाखवा. आणि घरातल्या महिलांनाही तो कागद वाचून दाखवा, कारण उद्या घरचा कर्ता नसला, तर हिशेब त्यांनाच पाहावा लागतो.