कंबरदुखी आणि कुणीच न विचारलेला प्रश्न

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत मागच्या सफमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या वाढत चालल्यात. दहा वर्षांपूर्वी दोन-तीन असायच्या, त्याही सत्तरी ओलांडलेल्या बुजुर्गांसाठी. आता जुम्याला मोजल्या तर पंधरा-सोळा भरतात आणि त्यावर बसणाऱ्यांत पस्तिशी-चाळिशीतले बरेच. कुणी रिक्षा चालवतो, कुणी टॉवेलच्या कारखान्यात बारा तास उभा असतो, कुणी माझ्यासारखा दिवसभर कॉम्प्युटरपुढे. खुर्ची मागायला कुणाला लाज वाटत नाही. “मणक्यात गॅप आहे” एवढं म्हटलं की झालं. लगेच चार जण सल्ला देतात. कुणी तेल सांगतं, कुणी पट्टा, कुणी आपल्या डॉक्टरचा नंबर.

मीही त्या खुर्चीवर दोन वर्षं बसलोय. त्यामुळे खात्रीनं सांगतो, या दुखण्याचा एक अर्धा भाग असा आहे, की जो त्या खुर्च्यांवर बसलेले पुरुष एकमेकांना सांगत नाहीत, डॉक्टरला सांगत नाहीत आणि घरात बायकोलाही नाही. कंबर सतत दुखत असली की शरीरसंबंधावर परिणाम होतो. इच्छा कमी होते, ताठरता टिकत नाही किंवा मधेच अशी कळ येते की सगळं थांबतं. पुढच्या वेळी तीच कळ येईल म्हणून माणूस जवळच जात नाही.

माझं वय तेव्हा एक्केचाळीस होतं. स्लिप डिस्क निघाली. एमआरआय झाला, गोळ्या सुरू झाल्या, पट्टा आला. डॉक्टरांनी झोप, चालणं, गाडी, वजन सगळं विचारलं. हे मात्र विचारलं नाही. मीही बोललो नाही. घरी मी उशिरापर्यंत मोबाईल बघत बाहेरच्या खोलीत बसू लागलो. पत्नी झोपली की मगच आत जायचं. असं चार-पाच महिने चाललं. एका रात्री ती म्हणाली, “मेरे से कुछ गलती हुई क्या?”

तिला वाटत होतं, माझं मन तिच्यावरून उडालंय. मला वाटत होतं, मी संपलो. दोघंही चूक होतो.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रिक्षावाल्या दोस्तानं नमाजनंतर चहाच्या टपरीवर मला बाजूला घेतलं. “भाई, तुमची पण कंबर जाते ना? मग घरात... ठीक आहे ना सगळं?” एवढंच विचारलं आणि नजर कपात घातली. तो तोवर रस्त्याकडेच्या तंबूतल्या ‘खानदानी’ वैद्याकडे चौदा हजार घालवून बसला होता. मी त्याला विचारलं, डॉक्टरकडे का नाही गेलास? तो म्हणाला, “डॉक्टरनं विचारलंच नाही. यानं बसल्या बसल्या पहिला तोच सवाल केला.”

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. आपल्याकडे भोंदू लोकांचा धंदा का चालतो, याचं उत्तर त्यात आहे. जो प्रश्न शिकलेला डॉक्टर विचारत नाही, तो भिंतीवरची ‘मर्दाना कमजोरी’ची जाहिरात विचारते. सार्वजनिक मुतारीत, रेल्वेच्या डब्यात, एसटी स्टँडच्या मागे ती सतत विचारत असते.

खरं तर अशा जाहिरातींना देशात बंदी आहे. 1954 सालचा औषधे आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला मनाई करतो. सत्तर वर्षं झाली, भिंती तशाच आहेत. त्या पुड्यांत काय असतं, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांत उत्तेजक ॲलोपॅथी गोळी मिसळलेली सापडल्याची प्रकरणं अनेक देशांत नोंदली गेली आहेत. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब अशा पुडीनं धोकादायक इतका खाली जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

हे भोंदू पैसे घेतात, शिवाय डोक्यात एक उलटी समजूत पक्की करतात. ‘धात जाते म्हणून कंबर दुखते.’ स्वप्नदोष, हस्तमैथुन, जास्त संबंध, कशामुळेही वीर्य गेलं की कण्याची ताकद जाते, असं आपण पोरवयात ऐकलेलं असतं. या भीतीनं दक्षिण आशियातले इतके पुरुष आजारी पडतात, की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 साली तिला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य जाण्यानं कंबर खिळखिळी होते याला वैद्यकात आधार नाही. पण ज्याची कंबर खरोखर दुखते, तो या समजुतीमुळे स्वतःलाच गुन्हेगार ठरवतो. लहानपणीची ‘चूक’ भोवली असं मानतो. मग तोंड उघडणार कसं?

प्रत्यक्षात काय होतं, ते मला पुढे एका फिजिओथेरपिस्टनं समजावलं. दुखणं बारा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला जुनाट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार 2020 साली जगात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि त्यातल्या साधारण 90 टक्के लोकांमध्ये दुखण्यामागे एखादा ठरावीक आजार किंवा इजा सापडत नाही. म्हणजे ‘नस दबली, आता मर्दानगी गेली’ ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खोटी आहे.

मग बिघडतं कुठे? पहिलं, ताठरतेसाठी रक्तपुरवठा लागतो आणि तो शरीर सैल असताना नीट होतो. वेदना आणि भीती शरीराला सावध ठेवतात, रक्तवाहिन्या आवळतात. दुसरं, दुखण्यानं झोप मोडते, मन उदास होतं आणि उदास मनाला इच्छा होत नाही. तिसरं कारण आहे औषधं. नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी प्रीगाबालिन, जुनाट वेदनेसाठी दिली जाणारी ड्युलॉक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन, यांनी काही जणांची इच्छा किंवा ताठरता कमी होते. ट्रामाडॉलसारख्या गोळ्या महिनोनमहिने घेतल्या तर पुरुषी हार्मोनही घटू शकतं. म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही, अचानक बंद केल्यानं वेगळाच त्रास होतो. डॉक्टरला सांगून बदलून घ्यायची. माझी गोळी बदलली आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

दोन गोष्टी मात्र कधीही टाळायच्या नाहीत. कंबरदुखीबरोबर जांघा, गुदद्वार, जननेंद्रिय यांच्या आसपासचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मणक्याच्या टोकाकडच्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची ती खूण असते. त्याच नसा लघवी, संडास आणि ताठरता सांभाळतात. उशीर झाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं. दुसरं, सगळं खापर कंबरेवर फोडायचं नाही. ताठरतेची तक्रार ही मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली चाहूल असू शकते. साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

कुणी विचारेल, कंबर दुखत असताना संबंध ठेवावा तरी कसा? हा प्रश्न घाणेरडा नाही. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात नताली सिडोरकेविच आणि स्टुअर्ट मॅकगिल यांनी तो शास्त्रीय पद्धतीनं अभ्यासला. दहा निरोगी जोडप्यांच्या मणक्याची हालचाल मोजून 2014 साली त्यांनी निष्कर्ष छापले. तोवर डॉक्टर सरसकट ‘कुशीवर झोपून करा’ असं सांगत. अभ्यासात दिसलं की एकच सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. पुढे वाकल्यावर ज्याचं दुखणं वाढतं त्याला एक स्थिती सोसते, मागे वाकल्यावर ज्याचं वाढतं त्याला दुसरी. हालचाल कंबरेतून न करता खुब्यातून करावी, हे त्यांचं सांगणं. आपलं दुखणं कोणत्या प्रकारचं, हे फिजिओथेरपिस्ट दहा मिनिटांत सांगू शकतो. फक्त त्याला विचारायला हवं.

हे सगळं मराठीत बोलणं नवं नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यासाठी खटले सोसले, त्यातल्या एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आम्हा मुसलमानांना तर लाजेचं कारण सांगायला तोंडच नाही. गुस्ल कधी वाजिब होतो, हे मौलानासाहेब मुलांना मक्तबमध्ये स्पष्ट शब्दांत शिकवतात. पती-पत्नीचे एकमेकांवरचे हक्क फिकहच्या किताबांत उघड मांडलेले आहेत. म्हणजे शब्द आपल्याकडे आहेत. दुखणं आलं की ते गिळतो, एवढंच.

डॉक्टरांना माझी विनंती आहे. कंबरेचा पेशंट आला की झोपेबद्दल विचारता, तसं एक वाक्य जोडा: “घरात संबंधांमध्ये काही अडचण येते का?” दार लावून, नातेवाइकांना बाहेर बसवून विचारा. अनेक जण नाही म्हणतील. पण इथे विचारतात, हे त्यांना कळेल आणि पुढच्या वेळी ते तंबूत जाणार नाहीत.

पुरुषांना सांगणं आहे, पहिल्यांदा बायकोला सांगा. ती अंधारात स्वतःला दोष देत असते. कंबर तर बायकांचीही दुखते, पुरुषांपेक्षा जास्तच, आणि तिला कुणीच काही विचारत नाही. त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “इतकंच होतं? मग इतके दिवस बाहेर का बसलात?”

तो रिक्षावाला दोस्त माझ्याबरोबर फिजिओथेरपीला येऊ लागला. त्याची साखर वाढलेली निघाली, तिचा इलाज सुरू आहे. कंबर पूर्ण बरी नाही, माझीही नाही. पण गेल्या जुम्याला शेजारच्या खुर्चीवर एक नवा तरुण बसला, तेव्हा नमाजनंतर त्यानं त्याला तेल सांगितलं नाही, पट्टाही नाही. चहाला घेऊन गेला आणि विचारलं.