धातूंची मात्रा

१९२० साली कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातील एका लहानशा खोलीत, गॅस नाही, नळ नाही, अशा अवस्थेत रॉकेलच्या दिव्यावर काम करून डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी अँटिमनीपासून ‘युरिया स्टिबामाइन’ तयार केले आणि काळ्या आजाराला पहिल्यांदा जबर तडाखा बसला. परजीवींशी लढणाऱ्या अशा धातुयुक्त औषधांना हा अंक आम्ही वाहिला आहे.

आताच का? बिहारमध्ये काळ्या आजाराचे परजीवी अँटिमनीला दाद देईनासे झाले. आफ्रिकेतील निद्रारोगावरच्या आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रॉलने उपचार घेणाऱ्या सुमारे ५ टक्के रुग्णांचाच बळी घेतला. तरीही कुत्र्याच्या हृदयकृमींवर आज मेलार्सोमाइन हे आर्सेनिकचेच इंजेक्शन कमरेच्या स्नायूत खोल देतात. मेलेल्या कृमींनी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या तुंबू नयेत म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे पळू देत नाहीत. संधिवातावरचे ऑरानोफिन हे सोन्याचे औषधही परजीवींवर तपासले जात आहे.

माणसांचे आणि जनावरांचे उपचार शेजारी ठेवून पाहणे, ही या अंकाची दिशा. डॉक्टर, पशुवैद्य, पशुपालक या सर्वांनी आपले अनुभव आम्हाला जरूर कळवावेत. आणि एक कळकळीची विनंती: औषधाची मात्रा तज्ज्ञांनाच ठरवू द्या.